तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची इमर्जन्सी: आबांना सुईची रिॲक्शन आली तेव्हाचा अनुभव, ४ स्टार

आधीच सांगते, दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की आमचं गाव कळेल, आणि गाव कळलं की सुरुवातीला ज्या डॉक्टरकडे चूक झाली तो पण कळेल, मला कोणाची बदनामी करायची नाहीये. तापीकाठचं गाव आहे, चोपडा-अमळनेर पट्ट्यातलं, आणि हा सरकारी दवाखाना आमच्यापासून १४ किलोमीटरवर. आजूबाजूच्या लोकांना बरोबर समजेल.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा आठवडा होता. माझी माहेरी जायची बॅग भरून झालेली. आबा म्हणजे माझे सासरे, वय ६३, केळीच्या वावरात ठिबकच्या नळ्या गुंडाळता गुंडाळता त्यांची कंबर धरली. रात्रभर कण्हत होते, सकाळी ९ ला मी आणि माझा दीर त्यांना गावातल्याच डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरने विचारलं फक्त "शुगर आहे का?" आणि कमरेत एक दुखण्याची सुई दिली. हे आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं, सुई दिली की पेशंटला वाटतं औषध झालं, आणि आबा तर सुईशिवाय उठतच नाहीत.

पाच-सात मिनिटं झाली असतील, आम्ही अजून ओट्यावरच होतो, दीर गाडी वळवत होता. आबा हाताचे तळवे एकमेकांवर घासायला लागले. म्हटलं काय झालं तर म्हणे, "हात खाजी ऱ्हायनात." मग तळपाय. मग मानेवर लाल चट्टे, बघता बघता पूर्ण छातीवर गांधी उठल्या, ओठ जाड झाले, आणि तिथेच ओट्यावर त्यांना उलटी झाली. आवाज बसला एकदम, घोगरा. माझा हात घट्ट धरून म्हणे, "मना जीव घाबरी ऱ्हायना." आबा तसे घाबरणाऱ्यातले नाहीत, विहिरीत उतरून मोटर काढणारा माणूस आहे, म्हणून मला जास्त भीती वाटली. नंतर मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमने सांगितलं की हे असं "आता आपलं काही खरं नाही" वाटणं हेसुद्धा या रिॲक्शनचं एक लक्षण आहे, त्याला नुसती घबराट म्हणून सोडून द्यायचं नसतं.

डॉक्टरने बघितलं, म्हणाला पित्त उठलंय, एव्हिल देतो आणि स्टेरॉइड देतो, अर्ध्या तासात उतरेल. दिलं पण लगेच, हे मान्य करते, तो पळून गेला नाही की अंग काढून घेतलं नाही. पण आबांना खुर्चीवर बसवून ठेवलं. आणि आम्ही वाट बघत बसलो. वीस मिनिटं गेली त्यात. ती वीस मिनिटं मला आजही झोपेत आठवतात कारण गांधी थोड्या फिक्या झाल्या होत्या आणि आम्हाला वाटलं उतरतंय, आणि इकडे आबांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, कपाळावर थंडगार घाम, एवढ्या उन्हाळ्यात अंग गार. खुर्चीतून उठायला गेले आणि मान टाकली.

दिराने १०८ ला फोन लावला. समोर शेजारच्या नानांची गाडी चालूच उभी होती, त्यांनी म्हटलं थांबू नका, घाला मागच्या सीटवर. फोन चालू होता तेव्हा १०८ वाल्यांनी जे सांगितलं ते फार कामाला आलं: आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, उठवून बसवू नका, उलटी आली तर कुशीवर करा, पाणी पाजू नका. मी पूर्ण १४ किलोमीटर आबांचे पाय माझ्या मांडीवर उशी ठेवून वर धरून बसले. नाहीतर आपण काय करतो, चक्कर आलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेतो. या रिॲक्शनमध्ये बीपी इतकं पडलेलं असतं की माणसाला एकदम उभं केलं किंवा बसवलं तर हृदयाकडे रक्तच पोचत नाही आणि तिथेच खेळ संपू शकतो. हे मला माहीत नव्हतं, आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला दम जास्त आणि चक्कर नाही त्याला पाय पसरून टेकून बसवलेलं चालतं, पण चालवत न्यायचं नाही, हे पण लक्षात ठेवा.

आता दवाखाना. गेटवर अपघात विभागाची पाटी आहे पण ती रस्त्याकडे नाही, आतल्या बाजूला तोंड करून लावलीये. आम्ही आधी ओपीडीच्या दाराशी गेलो, तिथे ही गर्दी, तिथल्या मामांनी हात करून दाखवलं तेव्हा मागे वळलो. दोन-तीन मिनिटं यात गेली. एक स्टार मी इथेच कापतेय. ही पाटी फिरवायला पन्नास रुपयांचे चार स्क्रू लागतात, कृपया फिरवा.

पण दारात पोचल्यावर जे झालं ते मी शब्दाला शब्द लिहितेय कारण त्यासाठीच हा रिव्ह्यू आहे.

स्ट्रेचर आलं. सिस्टर होत्या एक, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी आबांच्या तोंडाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, शर्ट वर करून पोट बघितलं आणि एकच विचारलं, "कोणती सुई?" दिराने सांगितलं दुखण्याची. केसपेपर नाही, नाव नाही, गाव नाही. भिंतीला एक लाल ट्रे टांगलेला आहे, त्याच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलंय: "ॲड्रेनालिन. मांडी. मोठा माणूस अर्धी." त्यातून एक इवलीशी काचेची एम्प्यूल काढली, उजेडाकडे धरून रंग बघितला, टक् करून मान मोडली, एक मिलीच्या बारीक सिरिंजमध्ये अर्धी ओढली, धोतर बाजूला केलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सरळ आत. मी घड्याळ बघितलं नाही पण स्ट्रेचर आत आल्यापासून एक मिनिटाच्या आत असेल. डॉक्टर मॅडम तोपर्यंत पडद्याच्या पलीकडून आल्या, त्यांनी "दिलं?" विचारलं, सिस्टर म्हणाल्या "दिलं, पहिलं, नऊ पन्नास," आणि ती वेळ त्यांनी आबांच्या हातावर पेनाने लिहिली. मग ऑक्सिजन, मग सलाईनची बाटली दाबून दाबून सोडली, मग बीपी. वरचं ७० होतं, खालचं लागतच नव्हतं.

मी विचारलं मॅडम, एव्हिल दिलीये तिकडे, परत कशाला. त्या काम करता करता बोलल्या, "एव्हिलने खाज जाते ताई, जीव वाचत नाही. जीव वाचवणारी ही आहे." नंतर रात्री शांतपणे समजावलं. अशा रिॲक्शनमध्ये शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन आणि अजून बरीच रसायनं एकदम सोडतात, त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात, म्हणून बीपी पडतं, श्वासनळ्या आवळतात म्हणून शिट्टी वाजते, घसा सुजतो म्हणून आवाज बसतो. एव्हिल त्यातल्या फक्त हिस्टामिनला अडवते. स्टेरॉइडला काम करायला तासन् तास लागतात. ॲड्रेनालिन एकटीच अशी आहे की वाहिन्या आवळते, श्वासनळी उघडते, हृदयाला जोर देते आणि त्या पेशींनाही आवरते. आणि मांडीतच का, तर मांडीच्या मोठ्या स्नायूतून ती साधारण ८ मिनिटांत रक्तात पूर्ण चढते, तेच नुसतं कातडीखाली टोचलं तर अर्धा तास लागू शकतो. एम्प्यूलमध्ये १ मिलीत १ मिलिग्रॅम असतं, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त अर्धा मिली, लहान पोरांना वजनावर, किलोला ०.०१ मिलिग्रॅम.

पहिल्या सुईने आबा थोडे हलले पण बीपी ८० च्या वर येईना. पाचेक मिनिटांनी दुसरी दिली, दुसऱ्या मांडीत. त्याच वेळी मॅडमनी विचारलं बीपीची कुठली गोळी चालू आहे? मला नाव येत नव्हतं, दिराला येत नव्हतं. घरी फोन लावून सासूबाईंना पाकीट शोधायला लावलं, त्यांना वाचता येत नाही, शेजारच्या पोराने स्पेलिंग वाचून दाखवलं. निघाली अटेनोलॉल. मॅडम म्हणाल्या म्हणून जड जातंय, या गटाच्या गोळ्या ॲड्रेनालिनला नीट काम करू देत नाहीत. तेव्हा माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चालू गोळ्यांचा मोबाईलमध्ये एक फोटो काढून ठेवा. आत्ता काढा.

दुसऱ्या सुईनंतर दहा मिनिटांनी वरचं १०४ आलं. आबा थरथरत होते, दात वाजत होते, छाती धाडधाड उडताना बाहेरून दिसत होती आणि मी परत रडायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या हे औषधाचं आहे, होऊ द्या, चांगलं आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला एकदा. तेवढा वेळ कोणाला असतो त्या गर्दीत.

इतकं तयार कसं काय हे मला कळेना, कारण मोठमोठ्या चकाचक हॉस्पिटलात पण आम्ही अर्धा तास पैसे भरायच्या खिडकीवर उभे राहिलेलो आहोत. उत्तर मिळालं ते ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे जून लागला की सापाचे पेशंट येतात, कापसाच्या वावरात, केळीत, रात्री पाणी भरताना. सापावरची जी लस असते ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि ती देताना कधी कधी अशीच जोराची रिॲक्शन येते, म्हणून बाटली लावायच्या आधीच ॲड्रेनालिन भरून बाजूला ठेवायची यांची पद्धत आहे. त्या सिस्टरांनी वर्षानुवर्षं हे केलंय. त्यांचा हात बसलाय. म्हणजे एसी, लिफ्ट, काचेचा दरवाजा यातलं काही नसलेल्या खोलीत ज्या गोष्टीची गरज होती ती भिंतीवर टांगलेली होती आणि ती कुठे टोचायची हे टोचणाऱ्याला झोपेतसुद्धा माहीत होतं.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट, ही एम्प्यूल उजेडाने आणि उष्णतेने खराब होते, रंग गुलाबी-तपकिरी झाला की फेकायची. म्हणून त्या रंग बघत होत्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवलेल्या ट्रेचं काय होत असेल याचा विचार करा. इथे दर सोमवारी तारीख आणि रंग बघून वहीत सही करतात, वही मी बघितली, ट्रेच्या खालीच लटकते.

दुपारी आबा बोलायला लागले. गांधी गेल्या. चहा मागितला. सासूबाई, मोठी नणंद, भावकी सगळे पोचले आणि सगळ्यांचं सुरू झालं की बरं वाटतंय ना मग घरी नेऊ, इथे खाटेवर झोपायचं, पंखा चालत नाही, बाथरूमला वास. बाथरूमचं खरंय. पाणी येत नव्हतं, कडी नव्हती, बायकांची फार अडचण झाली, आणि नातेवाईकांना बसायला एक धड बाकडं नाही, पाण्याचा कूलर कोरडा. हे सगळं सुधारलंच पाहिजे. पण मॅडम सोडायला तयार नव्हत्या. भावकीतल्या एकाने आवाज चढवला तरी त्या शांत, म्हणाल्या ही रिॲक्शन औषध उतरल्यावर परत येऊ शकते, काही तासांनी, नवीन काही न देतासुद्धा, आणि यांना दोन सुया लागल्यात, बीपीची गोळी तशी आहे, उद्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. सही करून न्यायचं असेल तर न्या पण मी लिहून देणार की मी नको म्हटलं. मीच मग सगळ्यांना म्हटलं, कोणी नेणार नाही.

संध्याकाळी सात वाजता आबा परत मान खाजवायला लागले. ओठ परत. छातीत परत बारीक शिट्टी. मी ओरडले, सिस्टर धावत आल्या, तिसरी सुई. पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. त्या वेळी आम्ही घरी असतो, १४ किलोमीटर लांब, लाइट गेलेली, तर काय झालं असतं ते मला लिहवत नाहीये. ज्या माणसाने आवाज चढवला होता तो रात्री मॅडमसाठी डब्यात शेवभाजी आणि भाकरी घेऊन आला.

रात्री दोन वाजता वॉर्ड शांत होता, मॅडम राऊंडला आल्या आणि आबांच्या कॉटवर बसून अर्धा तास विचारत होत्या. याआधी कधी असं? आधी आम्ही नाही म्हणालो. मग सासूबाईंना आठवलं, तीन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी मेडिकलवरून एक पांढरी गोळी आणली होती, त्याने ओठ सुजले होते आणि अंगावर पित्त आलं होतं, लिंबूपाणी देऊन उतरलं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गोळीचं नाव? पांढरी. कुठून आणली? बाजाराच्या दिवशी. मॅडम म्हणाल्या बहुतेक ॲसिक्लोफेनॅक असणार, कालची सुई डायक्लोफेनॅक, दोन्ही सख्ख्या बहिणी. तीन वर्षांपूर्वी कोणी एका कागदावर ते नाव लिहून दिलं असतं तर आजचा दिवस आला नसता. माझी धाकटी नणंद शिरपूरला बी.फार्म करतेय, तिने नंतर सांगितलं की या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव रिशे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये दिलं, त्याने कुत्र्यांना एका समुद्री जिवाचं विष दिलं, पहिल्या वेळी निभावलं आणि काही आठवड्यांनी परत दिलं तर कुत्रा थोड्याच वेळात गेला, याच कामाला १९१३ चं नोबेल मिळालं. म्हणजे पहिल्या वेळी थोडक्यात गेलं म्हणून पुढच्या वेळीही थोडक्यात जाईल असं नाही. दुखण्याच्या औषधांचं प्रत्येक वेळी असंच असतं असं पण नाही, काहींना पहिल्याच सुईला येते, ते पण तिने सांगितलं.

गावात सगळे म्हणत होते "टेस्ट केली नाही म्हणून झालं." हा गैरसमज माझाही होता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की या दुखण्याच्या सुईसाठी कातडीखाली टोचून बघायची भरवशाची टेस्टच नाहीये, आणि अँटिबायोटिकच्या बाबतीतही आपल्याकडे जी घाईत थोडंसं टोचून बघतात ती नीट आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही याची हमी नसते. खरी टेस्ट म्हणजे आधी काय काय झालं ते नीट विचारणं, आणि सुई दिल्यावर पेशंटला थोडा वेळ तिथेच बसवून ठेवणं, आणि ट्रे जवळ असणं.

याच्या उलट्या टोकाचं पण निघालं. सासूबाई म्हणाल्या मला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणापासून. मॅडमनी विचारलं काय होतं? त्यांनी सांगितलं जुलाब झाले होते. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या माय, ते पोट बिघडलं, त्याला ॲलर्जी नाही म्हणत. म्हणे अमेरिकेत साधारण १० टक्के लोक सांगतात आम्हाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे आणि नीट तपासलं तर त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ते चालतं. उगाच शिक्का बसला की मग साधं स्वस्त औषध सोडून भारी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. पण स्वतःच्या मनाने घेऊन बघायचं नाही, तज्ज्ञाकडूनच तपासून घ्यायचं असंही बजावलं.

डिस्चार्जच्या वेळी जे दिलं ते मला सगळ्यात आवडलं. एक जाड कागदाचं कार्ड, हाताने लिहिलेलं, मराठीत मोठ्या अक्षरात: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक कधीही देऊ नये, सुई, गोळी, जेल काहीही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि त्या गटातलं बाकीचं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉल आधी चाललेलं आहे. खाली तारीख, काय झालं होतं, किती सुया लागल्या, आणि सही. मागच्या बाजूला तेच इंग्रजीत. डिस्चार्जचा मोठा कागद मात्र सगळा इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात, तो नणंदेकडून वाचून घ्यावा लागला, तो पण कार्डासारखा लिहिला तर किती बरं.

फार्मसीच्या खिडकीवरच्या दादांनी अजून एक काम केलं जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. औषधाने त्रास झाला की तो सरकारला कळवायचा एक फॉर्म असतो, औषधाचं नाव, बॅच, काय झालं ते लिहून पाठवायचं. हे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जमा होतं आणि आपण साधी माणसंसुद्धा कळवू शकतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. बॅच नंबरसाठी त्यांनी दिराला त्या गावातल्या डॉक्टरकडे रिकामी एम्प्यूल आणायला पाठवलं.

मी विचारलं होतं की आम्ही घरी ॲड्रेनालिन ठेवू का. मॅडम म्हणाल्या परदेशात तयार पेनासारखी सुई मिळते, मांडीवर दाबली की झालं, आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलवर ती मिळत नाही. ज्याला गांधीलमाशी, मधमाशी किंवा खाण्याच्या वस्तूने असं होतं त्याला डॉक्टर एम्प्यूल-सिरिंज देऊन नीट शिकवतात, कारण ते कुठेही गाठू शकतं. आबांचं कारण औषध आहे, ते टाळता येतं, त्यांच्यासाठी कार्ड हेच औषध. अटेनोलॉल मात्र बदलून दुसरी दिली.

घरी आल्यावर मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली ओतला ज्यात आमच्या घरातली सगळी औषधं असतात. एकेक पाकीट उजेडात धरून मोठ्या नावाखालचं बारीक नाव वाचलं. मोठं नाव कंपनीचं असतं, ते दर कंपनीचं वेगळं, खरं औषध खालच्या बारीक अक्षरात. चार पाकिटांत निघालं, एकात पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफेनॅक मिसळलेलं होतं, आणि कंबरेला लावायच्या मलमात पण डायक्लोफेनॅक. तेच मलम आबा आदल्या रात्री लावणार होते, सासूबाईंना ट्यूब सापडली नाही म्हणून राहिलं.

खर्चाचं म्हणाल तर केसपेपर, सलाईन, सुया, एक दिवस ॲडमिट, आमचा एक रुपया गेला नाही. नानांच्या गाडीचं डिझेल त्यांनी घेतलं नाही.

गावातल्या डॉक्टरकडे मी आठ दिवसांनी गेले, भांडायला नाही. कार्ड दाखवलं. त्याचं तोंड उतरलं होतं, म्हणाला ताई माझ्याकडे ॲड्रेनालिन होती पण तारीख गेलेली आणि खरं सांगतो मला ती द्यायची भीती वाटते, हार्टला काही झालं तर. ही भीती बऱ्याच जणांना आहे हे मॅडम पण म्हणाल्या होत्या, शिरेतून चुकीच्या मात्रेत गेली तर ती धोक्याची आहेच, पण मांडीच्या स्नायूत योग्य मात्रेत वेळेवर दिलेली ॲड्रेनालिन जितकी धोक्याची वाटते तितकी नसते, न देणं जास्त धोक्याचं. मी त्याला हेच सांगितलं आणि सिस्टरांच्या चिकटपट्टीचा फोटो पाठवला. मला राग होता, अजून आहे थोडा. पण आता त्याच्या टेबलामागे तसाच ट्रे आहे, मी स्वतः बघितला, आणि तो सुई द्यायच्या आधी विचारतो, कोणत्या औषधाने कधी ओठ सुजले, पित्त आलं, दम लागला?

तर ४ स्टार. वागणूक आणि इलाजाला मी पाचच्या वर देईन. कापलेला एक पाटीचा, बाथरूमचा, बाकड्यांचा आणि कूलरचा मिळून आहे. अधिकारी कोणी वाचत असतील तर त्या सिस्टरांची बदली करू नका, आणि केलीत तर त्यांचा ट्रे आणि वही तिथेच राहील एवढं बघा.

अपडेट: मागच्या महिन्यात आबांची दाढ काढायची होती, दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात. मी सोबत नव्हते. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढून डॉक्टरच्या हातात दिलं, आता त्याला प्लॅस्टिक मढवून घेतलंय दिराने. डॉक्टरने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, लिहिलेली गोळी खोडली आणि पॅरासिटामॉल लिहून दिली. दाढ निघाली, रात्री आबा दूध-भाकरी खाऊन झोपले.